खोटं गिऱ्हाईक

घर विकायचं तर आधी घरमालकाला वाकवावं लागतं, हे दलाल पुरता जाणून होता. म्हणून खरं गिऱ्हाईक नेण्याआधी तो दोन-तीन खोटी गिऱ्हाइकं पाठवायचा, आणि त्यांतला त्याचा हुकमाचा एक्का म्हणजे त्याची बायको. ओठ मुडपून ती खोल्याखोल्यांतून हिंडायची. भिंतीवर बोट फिरवून "ओल आहे वाटतं" म्हणायची, मोरीचं दार उघडून काही न बोलता लावून घ्यायची. मालकाचा चेहरा पडला की भावही पडायचा. बारा वर्षं तिने लोकांच्या घरांना नावं ठेवली आणि स्वतः भाड्याच्या खोल्यांत राहिली. "घर म्हणजे अडकलेला पैसा," असं दलालाचं मत होतं, आणि घरात मत एकट्या त्यालाच होतं.

निवृत्त मास्तरीणबाईंच्या घरात मात्र तिची जीभ अडली. बाईंचे यजमान सुतार होते. बाई बुटक्या, म्हणून त्या भल्या माणसाने ओटा, फळ्या, खिडक्यांच्या कड्या, सगळं बेताच्या उंचीवर बसवलं होतं. दलालाची बायकोही बुटकीच. लग्न झाल्यापासून ती स्टुलावर उभी राहून स्वयंपाक करत आली होती. या ओट्याशी उभी राहिली, कोपर बरोबर टेकलं, आणि तिला भडभडून आलं.

"काय झालं गं?"

"काही नाही. घर फार आवडलं, बाई." बारा वर्षांत पहिल्यांदाच ती घरमालकाशी खरं बोलली.

बाईंचे गुडघे गेलेले. त्या भाचीकडे राहायला निघाल्या होत्या. शेजारच्या गोदामवाल्याला घर पाडून जागा हवी होती, त्याला त्यांनी दोनदा दारातूनच वाटेला लावलं होतं. "तू राहणार असशील तर निम्म्यात देते," त्या म्हणाल्या. "पण राहायचं हं. माझ्या माणसाच्या हातचं आहे."

रात्री जेवताना तिने हे सांगितलं, तसा दलालाचा घास हातातच राहिला. "निम्म्यात? मग घेऊनच टाकू. तुझ्या नावावर!"

आठ दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते. तिने पडद्यांची मापं घेतली, स्टूल शेजारणीला देऊन टाकलं. दुसऱ्याची लबाडी तिला कोसावरून कळायची, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नोंदणी कचेरीत सह्या झाल्या. बाईंनी किल्ल्या तिच्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली. तेवढ्यात नवऱ्याने दुसरा कागद पुढे सरकवला. त्यात विकणारी ती होती आणि घेणारा गोदामवाला. तो मागच्या बाकावर केव्हाचा येऊन बसला होता.

"मी नाही करणार सही."

"बाईंना दिलेले पैसे त्याचेच आहेत, बुटके," दलाल हळूच म्हणाला. "तो मला पोलिसात देईल. मग बस तू तुझ्या घरात, कोर्टाच्या नोटिसा वाचत."

तिने सही केली. गोदामवाल्याने तिच्या मुठीतून किल्ल्या काढून घेतल्या.

बाई अजून दाराशीच होत्या. जिना उतरण्याआधी दम खात होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. ती धावत त्यांच्याकडे गेली. "मला माहीत नव्हतं हो, बाई! शपथ घेते. मला खरंच राहायचं होतं तिथे." तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"आता कशाला रडतेस?" बाई म्हणाल्या. "काम झालं ना तुझं?" आणि कठड्याला धरून, एकेक पायरी करत त्या उतरून गेल्या.

दलाल मागे उभा राहून ऐकत होता. चिडला नव्हता, उलट खुशीत होता. "नावं ठेवून पाच-दहा टक्के सुटतात, आणि रडलीस तर निम्मी किंमत! आणि मी वेडा इतकी वर्षं तुला भिंती चाचपायला लावत होतो. चल, तीन वाजता एका म्हातारीचं घर बघायचंय. चेहरा धुऊ नकोस."

तीन वाजता ती त्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात उभी होती. "काय झालं गं, पोरी?" म्हातारीने विचारलं. रडण्यासाठी तिला काहीच करावं लागलं नाही.