मागच्या चाकाची भीती

मला एक सांगा, बाजारात विश्वास कुणावर ठेवायचा? माल चांगला आहे म्हणणाऱ्यावर, की वाईट आहे म्हणणाऱ्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. मी घाई केली होती, आणि मग माझा जीव कसा टांगणीला लागला ते ऐका. मी मोटारसायकलचा मागचा टायर बोलतोय. खरं तर ‘होतो’ म्हणायला हवं, पण सवय जात नाही.

माझा जन्म तापलेल्या साच्यात झाला. बाहेर पडलो तेव्हा अंगावर रबराचे बारीक केस होते, तान्ह्या बाळाला असतात तसे. तिथून एका दुकानाच्या दारात येऊन उभा राहिलो आणि उभ्या उभ्या धंदा शिकलो. गिऱ्हाईक येतं, मला एक लाथ हाणतं आणि जाणकारासारखी मान हलवतं. लाथ मारून काय समजतं ते मला आजवर समजलेलं नाही. गादी घेताना कुणी लाथ मारत नाही, जावई पसंत करताना तर नाहीच. एका गृहस्थानं मला हुंगून पाहिलं आणि ‘‘ताजा आहे’’ म्हणाला. भाजी मंडईतून थेट आला असावा.

मला घरी नेलं ते इलॅस्टिकवाल्यानं. गावात त्याला सगळे ह्याच नावानं ओळखतात. बटणं, दोरे, चेन आणि मुख्य म्हणजे इलॅस्टिक तो आजूबाजूच्या शिंप्यांना पोचवतो. माणूस गोड बोलणारा, पण पुढचा बोलायला लागला की डोळे बारीक करून ऐकणारा. डोंगरापलीकडच्या गावात माल द्यायला जाताना बायकोही बरोबर असायची. कोणत्या शिंप्याला कोणतं बटण हवं ते तिलाच पाठ. ती मागच्या सीटवर बसायची, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर. मांडीवर बटणांचा खोका, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, आणि तोंडाचा पट्टा चालू. तिचं वजन मी अंधारातही ओळखलं असतं.

मग एके दिवशी दुकानाच्या मागच्या बोळात, मालाच्या फुटक्या खोक्याची एक अणकुचीदार पट्टी माझ्या कुशीत घुसली. माझ्यासारख्यांना आत ट्यूब नसते, हवा थेट पोटातच. फुसफुस करत पोट रिकामं होऊ लागलं.

पंक्चरवाल्यानं साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे पाहिले आणि तोंड वाकडं केलं.

‘‘शेठ, भोक मधोमध असतं तर रबराची वात कोंबून दिली असती. हे कडेला आहे. वळणावर टायर इथंच दबतो. वात टिकायची नाही. बदलून टाका.’’

‘‘तुमच्याकडे टायर आहेत वाटतं विकायला?’’

‘‘आहेत ना.’’

‘‘मग बरोबर!’’ इलॅस्टिकवाला हसला. ‘‘दादा, मीसुद्धा दुकानच चालवतो. शिंप्यानं दुसऱ्याकडून आणलेली चेन मीही खराबच ठरवतो. घाला वात.’’

तेव्हा मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! बदलून टाका म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. भंगाराच्या ढिगाची भीती कोणत्या टायरला नसते? मनात म्हटलं, माझा मालक हुशार आहे, असा तसा फसायचा नाही.

पंक्चरवाल्यानं वात घातली. हात पुसत तो म्हणाला, ‘‘गावात चालवा हळूहळू. घाटात नेऊ नका, एवढं ऐका.’’

घरापर्यंतच्या रस्त्यातच माझी हुशारी उतरली. चाक फिरलं की ती वात जखमेत हलायची. सरळ रस्त्यावर गप्प, वळलो की तिकडून थंड हवेची रेघ. दात हलायला लागल्यावर जीभ जशी सारखी तिथंच जाते, तसं माझं सगळं लक्ष त्या एका जागी. आता मला दोन भीती होत्या. ह्यानं मला फेकलं तर? आणि नाही फेकलं तर?

पुढच्याच आठवड्यात पलीकडच्या शिंप्याचा निरोप आला, शाळेच्या कपड्यांचं काम अडलंय. खोके बांधले गेले. इलॅस्टिकवाल्यानं मला एक लाथ मारली आणि बायकोला म्हणाला, ‘‘बघ, दगडासारखा आहे.’’

ती येऊन बसली. मला ओरडावंसं वाटलं, बाई, उतर! पण टायरला तोंड असतं कुठं?

चढ कसाबसा पार पडला. उतार लागला आणि वळणामागून वळण येऊ लागलं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा कठडा, त्यापलीकडे नुसती हवा. माझ्यात कमी होत चाललेली, तिथं भरपूर. प्रत्येक वळणावर वात थोडी बाहेर सरकत होती. मी तिला घट्ट आवळून धरली. रबराला प्रार्थना करता येते का, ते माहीत नाही, पण त्या वेळी मी जे करत होतो त्याला दुसरं नाव सापडत नाही.

‘‘अहो, गाडी डुलतेय.’’

‘‘रस्ता खराब आहे.’’

‘‘रस्ता काल-परवाच केलाय. थांबवा म्हणते ना!’’

‘‘वळण तरी जाऊ दे...’’

त्याच वळणात वात उडाली. मी क्षणात चपटा झालो, चाकाची लोखंडी कड माझ्या पोटात रुतली आणि गाडीचा मागचा भाग कठड्याकडे घसरू लागला. वर तिची बोटं त्याच्या खांद्यात रुतलेली. ती ओरडली नाही. ती गप्प झाली, आणि त्या बाईला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला जास्त भीती वाटली ती त्या गप्प होण्याची.

गाडी कठड्याला घासून थांबली. बटणांचा खोका खाली गेला. बराच वेळ टणटण आवाज येत राहिला, मग तोही बंद झाला. दोघं रस्त्याच्या कडेला बसले.

‘‘बटणं गेली,’’ तो म्हणाला.

‘‘बटणंच गेली,’’ ती म्हणाली.

एका टेम्पोवाल्यानं आम्हाला खालच्या गावात, टायरच्या दुकानात पोचवलं. दुकानदारानं एक चकचकीत टायर पुढे केला. ‘‘साहेब, हा न्या. एकदम नवा, एक किलोमीटर चाललेला नाही. तुमच्यासाठी स्वस्तात.’’

इलॅस्टिकवाल्याचा पाय लाथ मारायला उचलला गेला, आणि तसाच खाली आला. तो वाकला. दोन्ही अंगठ्यांनी त्यानं टायरची नक्षी फाकवली. इलॅस्टिक पारखताना तो असंच करतो, ताणतो आणि उजेडात धरतो. खाचांच्या तळाशी केसांसारख्या भेगा दिसल्या. वरून काळं पॉलिश, आत रबर मेलेलं.

‘‘न वापरलेला आहे, पण नवा नाही,’’ तो म्हणाला. ‘‘पडून पडून सुकलाय. असा माल मी गिऱ्हाइकाला देईन का?’’

‘‘देता की,’’ बायको म्हणाली. ‘‘पोटमाळ्यावरचं जुनं इलॅस्टिक त्या शाळेच्या चड्ड्यांना कुणी दिलं?’’

दुकानदार खो खो हसला. इलॅस्टिकवाला हसला नाही. त्यानं दुसरा टायर मागितला. माझ्याच मापाचा, कुशीवर ह्याच वर्षी बनल्याचा आकडा असलेला. तोही वाकवून पाहिला, आणि बसवायला सांगितला.

मी जमिनीवर पडून होतो. दुकानदारानं मला पायानं उलटवलं. ‘‘हा ठेवून जा. काहीतरी देतो.’’

पुढचं मला ठाऊक होतं. मी दुकानात वाढलोय. तापल्या पात्यानं माझ्या खाचा पुन्हा कोरणार, भोकाला आतून ठिगळ, वरून पॉलिश, आणि मग दुसऱ्या कुणाच्या जिवाशी खेळ. इलॅस्टिकवाल्याचे डोळे बारीक झाले. तो विचार करत होता, हे मला स्पष्ट दिसत होतं.

‘‘ह्याच्यावरही कुणाची तरी बायको बसेल हो,’’ ती हळूच म्हणाली.

त्यानं दुकानदाराकडून सुरी मागून घेतली आणि माझी कूस ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली. पातं टेकलं तेव्हा मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? पण घाटातल्या भीतीपुढे ती काहीच नव्हती. आता माझ्याकडून कुणाचं वाईट व्हायचं नाही, एवढं तरी पक्कं झालं.

सध्या मी त्याच्या दुकानामागच्या भिंतीला ठोकलेला आहे, मालाचा टेम्पो मागं घेताना धक्का लागू नये म्हणून. शेजारी जुन्या इलॅस्टिकची बंडलं पडली आहेत. बायकोनं आणून टाकली. तो येता-जाता त्यांच्याकडे बघतो. कधी एखादं हातात घेतो, ताणतो, आणि परत ठेवतो. आजपर्यंत तरी परतच ठेवलंय. त्याचा हात तिकडे गेला की माझा श्वास अजून अडकतो.

तेव्हा मंडळी, एक मागणं आहे. टायर किती झिजला, कुठं शिवला, कुणी काय बजावलं, हा हिशेब स्वतःशी चोख ठेवा. नवा टायर खर्चाच्या बाजूला लिहाल, तेव्हा मागे बसणारं माणूस जमेच्या बाजूला लिहायला विसरू नका. माझ्या मालकानं ते लिहिलं नव्हतं. कठड्यानं लिहून घेतलं.