कुशाबाच्या अंगणातली घूस

अंगणाखाली घूस आहे हे कुशाबाला कळलं ते उजवा पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत गेल्यावर. शिमग्याच्या दिवशी सकाळी चूळ भरायला म्हणून तो तांब्या घेऊन पायरी उतरला आणि लाल-करड्या पेव्हर ब्लॉकचं ते देखणं अंगण पायाखाली बदकन खचलं. तांब्या उडाला तो थेट कौलांवर. कुशाबा पाय उपसतोय तोच खालून कुणीतरी अंगठ्याचा कचकन लचका तोडला.

"मेलो गो साळू!"

ती आरोळी ऐकून कशेडी घाटाच्या चढाला लागलेल्या तीन ट्रकवाल्यांनी एकदम ब्रेक दाबला म्हणतात. साळूबाई भाकरीच्या पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"आवं, काय झाला?"

"जमिनीनं चावलं मला!"

जमिनीचा काही दोष नव्हता. मुलगा राजेश बिरवाडीला खोली घेऊन राहायचा आणि तिथल्या कंपनीत जायचा. आईचं शेणसारवण सुटावं म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्याने हे ब्लॉक बसवून घेतले. बसवणारा नात्याचा माणूस जाताना बजावून गेला होता, "पावसाळा सरला की शेवाळ घासून काढा आणि सांध्यांत बारीक वाळू भरा. सांधा रिकामा राहिला की ब्लॉक हलला म्हणून समजा."

कुशाबाने मान डोलावली. पण दिवाळीच्या सुमाराला भात घरी आलं, आणि एवढी कडक, लख्ख जमीन समोर असताना तिच्यावर भात झोडायचं नाही तर काय करायचं? नऊ दिवस त्याने त्या ब्लॉकांवर पेंढ्या आपटल्या. झाडू मारला तर काय, सगळे सांधे दाण्यांनी तोंडापर्यंत गच्च भरलेले. "वाळू कशाला पायजे?" तो बायकोला म्हणाला, "आपलं आपण भरलंय."

पुढचं काम घुशीने केलं. एकेक सांधा ती खालून खात गेली, खालची वाळू उकरून बाहेर फेकत गेली, आणि चार महिने घरच्या भातावर पोसून बोकडाएवढी झाली.

आता घूस कुठल्याही दिवशी निघाली असती तर कुशाबाने शिव्या देऊन भागवलं असतं. पण आज संध्याकाळी ग्रामदेवतेची पालखी वाडीत येणार होती. पहिली नाचायची ती कुशाबाच्या अंगणात, हा मान त्याच्या खापरपणज्यापासूनचा. गेल्या वर्षी एकाच्या अंगणात खड्ड्यात पाय जाऊन पालखीचा भोई पडला, तेव्हा गावकीने ठरवलं की पालखीच्या दिवशी दुपारी मानकरी येऊन अंगणात अनवाणी फिरतील. ज्याच्या अंगणात पाय रुतेल त्याचा मान भावकीतल्या पुढच्या घराला. आणि एकदा गेलेला मान परत येत नाही.

पुढचं घर चुलतभाऊ सदूचं. तो मधल्या दगडी गडग्यावर मिशेरी लावत बसला होता. त्याचं मातीचं अंगण सारवून आरशासारखं केलेलं.

"कुशादादा," सदू थुंकून म्हणाला, "पालखी माझ्याकडं नाचवू काय? तुझ्याकडं भोयांना पोहायला लागंल."

कुशाबा आत गेला आणि पहार घेऊन आला.

पहिल्या दणक्याला चार ब्लॉक उडाले. खाली बीळ, बिळात शेपूट. त्याने पहार खुपसली तर घूस दहा हातांवर न्हाणीपाशी वर आली आणि दात दाखवून पुन्हा आत गेली. कुशाबाने तिच्या डोक्याचा नेम धरून ब्लॉक फेकला. पाण्याचं पिंप फुटलं. दुसरा फेकला, पडवीचा खांब तुटला. दहा वाजेपर्यंत दीडशे ब्लॉक उपटून झाले होते आणि अंगण नांगरल्यासारखं दिसत होतं. शेवटी तिची शेपटी त्याच्या हाती लागली. त्याने दोन्ही हातांनी आवळली, पण घूस थांबली नाही. तिने कुशाबाला पालथा पाडून अंगणाला दोन फेऱ्या मारल्या. नारळ खवणीवर फिरावा तसं त्याचं पोट ब्लॉकांच्या कडांवर सोलून निघालं. तिसऱ्या फेरीला ती उलटी फिरली, त्याच्या करंगळीचं एक पेर घेऊन गेली आणि गडग्याखालून सदूच्या अंगणात घुसली.

"पकडा! पकडा तिला!" रक्ताने माखलेला कुशाबा गडग्यावरून पलीकडे झेपावला आणि सदूच्या त्या आरशासारख्या अंगणात त्याने पहार मारली. पहार मुठीपर्यंत आत गेली. खाली सगळं पोकळ होतं.

सदूचं हसू तिथंच थिजलं.

"तुझ्या भातावर पोसलेली घूस," तो सावकाश म्हणाला, "माझ्या अंगणाखाली?"

"तिला काय गडगा समजतो?"

"थांब, तुला समजावतो."

सदूने बैलगाडीची जुनी खुंटी उपसून कुशाबाच्या नडगीवर घातली. सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. मग कुशाबाला गठुळ्यासारखं उचलून गडग्यावरून त्याच्याच अंगणात भिरकावलं आणि मागोमाग स्वतः उडी घेतली. कुशाबाने पडल्या पडल्या हाताला आलेला ब्लॉक त्याच्या डोक्यात घातला. डोकं तसंच राहिलं, ब्लॉकचा मात्र भुगा झाला आणि बिळात सांडला. सदूने दोन फोडले, कुशाबाने सात, मग मोजदादच सुटली. एक भुवई फाटली, एक कान लोंबायला लागला. एकमेकांच्या उरावर बसून दोघे लोळले, उठले, पडले; जिथे पडत तिथली जमीन वीतभर खाली दबत होती.

बाराच्या सुमाराला राजेश मोटरसायकलवरून आला. "बाबा! सदूकाका! अहो, ते ब्लॉक इंटरलॉकचे आहेत, फोडू नका!" म्हणत तो मध्ये पडला. त्याला कुणाचं कोपर लागलं ते कळलं नाही, पण समोरचे दोन दात त्याने तळहातावर घेतले आणि तो मुकाट्याने पायरीवर जाऊन बसला.

तेवढ्यात घरातून एकच दणका ऐकू आला. साळूबाई घुशीचं शेपूट धरून बाहेर आली. दुसऱ्या हातात वरवंटा.

"फिरून आपल्याच चुलीमागं शिरली व्हती. मारली एकदाची. आता कशाला भांडताव?"

सदूचा गळा न सोडता कुशाबा म्हणाला, "आता घुशीचा काय संबंध?"

दुपारी तीनला मानकरी आले तेव्हा दोघे दोन दिशांना पडले होते. ऐंशी ओलांडलेल्या थोरल्या मानकऱ्याने आधी सदूच्या अंगणात पाय ठेवला. तो पोटरीपर्यंत रुतला. मग म्हातारा कुशाबाच्या अंगणात आला. ब्लॉक एकही शाबूत नव्हता. तो अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. टाच आपटली. शेवटी धोतर वर धरून त्याने उडी मारली. जमीन हूं की चूं करेना. ब्लॉकांचा भुगा बिळांत ठासून भरला होता आणि वरून दोन धडधाकट माणसांनी ती पाच तास तुडवली होती.

"एवढी घट्ट तर पालखी टेकते त्या सहाणेची पण नाय," मानकरी म्हणाला. "कशानं चोपलीस रे कुशाबा?"

"सदूनं."

"मग मान तुझाच. पण पहिला खांदा यजमानानं द्यायचा असतो. उभा ऱ्हा बघू."

कुशाबा उठायला गेला. मोडलेली नडगी भलत्याच बाजूला वळली आणि तो पांढराफटक पडून खाली बसला.

"तू नाय तर भावकीतला तुझ्या पिढीचा कुणीतरी," मानकरी म्हणाला. "नायतर पालखी पुढच्या वाडीला जाईल."

त्या पिढीतला धड पायांवर उभा राहू शकेल असा एकच माणूस होता. गडग्याला धरून तो उठत होता, एक डोळा मिटलेला, सदरा नाहीच. कुशाबाने बराच वेळ दात खाल्ले. राजेशनेही काही म्हणायला तोंड उघडलं, पण नुसतीच हवा आली.

"घे," कुशाबा म्हणाला. "दे खांदा. पण माझ्या अंगणात, माझ्या नावानं."

"माझ्या हाडांनी चोपलंय," सदू म्हणाला.

"तरी माझ्या नावानं!"

संध्याकाळी ढोल वाजले. सदूने पालखीखाली खांदा घातला आणि देवी अशी नाचली की गुलालाने पडवीची कौलं लाल झाली. साळूबाईने ओटी भरली. कुशाबाला बाजेवर टाकून पडवीत आणला होता, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. तो हात जोडून बघत होता, आणि पालखी भरात येऊन न्हाणीच्या बाजूला सरकायला लागली तसा हातांवर जोर देऊन अर्धा उठला.

"सदू! अरे ए सदू! तिकडं जाऊ नको रे, तिथं आपण नीट भांडलो नाय!"