नळीतलं दुधाळ पाणी

मी रक्त फिरवणारं यंत्र बोलतोय. जालन्यात, मस्तगडच्या एका लॅबमध्ये, टेबलाच्या कोपऱ्यात माझी जागा आहे. रक्ताच्या नळ्या माझ्या पोटात ठेवतात, झाकण लावतात आणि मी गरागरा फिरतो. लाल भाग तळाला बसतो, वर पिवळसर पाणी राहतं. तपासणी होते त्या पाण्याची. जन्मभर डॉक्टरांच्या सहवासात राहिलो, थोडंफार विज्ञान कळतं. पण खात्री अशी मला कशाचीच वाटत नाही.

नवा होतो तेव्हा माझा आवाजही येत नसे. आता घरघरतो. प्रत्येक वेळी वाटतं, आज आपण नीट फिरलो ना?

उन्हाळ्यात नागसेन आला. बदनापूरकडच्या शाळेतला शिक्षक. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. दाढी करताना त्याचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. बायकोनं, पायलनं, लगेच दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. हाताला मात्र जोर नव्हता. पुन्हा पक्षाघाताचा झटका येऊ नये म्हणून कारण शोधायचं होतं. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल, रक्तातली चरबी, साखर आणि इन्सुलिन उपाशीपोटी तपासायला सांगितलं होतं.

"काही खाल्लंय का, सर?" रक्त घेणाऱ्या तृप्तीनं विचारलं.

"न्हाई. कायच न्हाई."

मी फिरलो. झाकण उघडलं, तर नळीत वरचं पाणी पांढरट, दुधासारखं! चूक माझीच असणार, असं वाटून मी धास्तावलो. तृप्तीनं पुन्हा फिरवलं. तेच.

"खरं सांगा, सकाळी पोटात काय गेलं?"

नागसेनच्या आईनं, चतुराबाईनं, उत्तर दिलं. "खाल्लं कुठं? बोकडाच्या पायाचा रस्सा पेला वाटीभर. हातात ताकद याय पायजे ना! दवाखान्यातून आल्यापासून रोज देऊन राह्यले."

"आजी, त्यावर चरबीचा तवंग असतो!"

"मंग? तवंगातच तर जोर असतो."

"म्हणलं होतं मी, आत्याबाई," पायल पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी तो नुसत्या पाण्यावर आला. पांढरेपणा कमी झाला, गेला मात्र नाही. लॅबचे डॉक्टर अण्णासाहेब आकडे बघून म्हणाले, "चरबी जास्त, चांगलं कोलेस्टेरॉल कमी. साखर वरून बरी दिसते, पण तेवढी आवरायलाही शरीराला जादा इन्सुलिन ओतावं लागतंय. अशानंच झटक्याचा धोका वाढतो. तरुण माणसाचं कुणी तपासत नाही, म्हणून हे लपून राहतं."

"माझ्या रश्श्यानं झालं का हे?" चतुराबाईनं विचारलं.

"न्हाई हो आई," अण्णासाहेब म्हणाले. "हे बऱ्याच वर्षांचं आहे. पण रस्सा आता बिलकुल बंद. गोळ्या घेऊ द्या, रोज पायी चालू द्या त्याला."

पावसाळा सरल्यावर ते पुन्हा आले. त्या दिवशी फिरताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. झाकण उघडलं. पाणी पिवळं, स्वच्छ! नळीपलीकडची तृप्तीची बोटं दिसत होती. इन्सुलिनही उतरलं होतं. अण्णासाहेब म्हणाले, "बराबर चाललंय. गोळ्या सोडू नका." किती दिवसांनी मी निवांत थांबलो.

माझी घरघर वाढतच जाणार. तोवर एवढंच मागतो: वय कमी आहे म्हणून तपासणी टाळू नका, आणि आलात तर पोटात काय गेलं ते सगळं सांगा, वाटीभर असलं तरी.

निघताना चतुराबाईनं आपलीच बाही वर सारली. "माझं बी बघा. कालपासून पाणीबी पेले न्हाई."

"आजी, पाणी चालतं की!"

सगळे हसले. नागसेन माठाकडे गेला. उजव्या हातानं त्यानं पेला भरला. हात थोडा थरथरला, पण पाणी सांडलं नाही. त्यानं पेला आईच्या ओठांना लावला, आणि मी तिच्या नळीची वाट बघत राहिलो.