मुलं जेवून आली होती

धुरपदाबाई हातातल्या झाऱ्यासकट माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी चौथीला त्रैराशिक शिकवत होतो. शाळेत स्वयंपाक करणारी बाई चूल सोडून वर्गापर्यंत येते म्हणजे एकतर काही पेटलं असणार किंवा कोणी भाजलं असणार, म्हणून मी खडू ठेवून बाहेर धावलो. तसं काहीच झालेलं नव्हतं.

"गुरुजी, हेडमास्तर सांगतस ते खरं शे का?" तिने विचारलं. "गोरा साहेब ई ऱ्हायना?"

मी म्हटलं, खरं आहे, जेवणाची पाहणी करायला अमेरिकेहून गुरुवारी येतोय. ती व्हरांड्यातच खाली बसली आणि पदराने कपाळ पुसत राहिली. जानेवारीचे दिवस होते, सकाळचा गारवा अजून गेला नव्हता, आणि या बाईला घाम फुटला होता.

ही १९७० सालची गोष्ट. सुरतेत लिंबायतला आमची म्युनिसिपालिटीची मराठी शाळा होती, म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या आणि मागे स्वयंपाकाची एक छपरी. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या लोकांची. बाप लूमच्या खात्यात बारा बारा तास उभे, आया घरी नाहीतर कारखान्यात बॉबिनी भरायच्या. दुपारच्या सुट्टीत या मुलांना अमेरिकेहून आलेल्या दलियाचं जेवण मिळायचं. पोत्यावर दोन हात एकमेकांत गुंफलेले छापलेले असायचे आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं असायचं की ही अमेरिकेच्या जनतेची भेट आहे. ते मी मुलांना मोठ्याने वाचून दाखवायचो, कारण शाळेत इंग्रजी येणारा मी एकटाच होतो आणि ही गोष्ट लोकांच्या लक्षात राहावी अशी माझी इच्छा असायची.

धुरपदाबाई पारोळ्याकडची. नवरा धुडकू लूमवर होता, पण दम्याने दोन दिवस कामावर आणि चार दिवस खाटेवर. शाळेच्या चुलीवर तिचं घर चालायचं हे खरं, तरी ती निव्वळ नोकरी म्हणून हे काम करत होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. कोणतं पोर सकाळपासून उपाशी आहे हे ती ताटली धरायच्या पद्धतीवरून ओळखायची. रविवारी शाळा नसायची, म्हणून सोमवारी ती दोन मापं जास्त शिजत घालायची.

तिला भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची. जेवण शाळेतच खायचं, घरी न्यायचं नाही, असा कडक नियम होता. आमची मुलं ते घरी न्यायची. कोणी दप्तरात, कोणी फ्रॉकच्या ओच्यात बांधून, घरी असलेल्या धाकट्या भावंडांसाठी दलिया न्यायचं. बॉबिनी भरणाऱ्या सुंदराची मुलगी अंजना तर रोज अर्धं खाऊन अर्धं बांधायची. धुरपदाबाई तेवढ्यापुरती चुलीकडे तोंड करायची, आणि वर त्याच ताटलीत आणखी एक झारा टाकायची. हा तिचा गुन्हा. मला माहीत होता, हेडमास्तर सुकलाल सोनवण्यांना माहीत होता, आणि आता तो अमेरिकेपर्यंत पोचणार अशी तिची खात्री झाली होती. रुळांपलीकडच्या एका शाळेत पाहुण्यांसमोर मुलांनी हिसकाहिसकी केली आणि पुढच्या महिन्यात तिथलं जेवण बंद झालं असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. खरं होतं की नाही देव जाणे, पण भीतीला खऱ्याखोट्याची गरज नसते.

"पोरे झोंबतीन, गुरुजी," ती म्हणाली. "भुक्या पोरेस्ले किती दटाडशीन?"

त्यावर तिनेच उपाय काढला. बुधवारी संध्याकाळी ती झोपडपट्टीतल्या प्रत्येक दारात गेली आणि प्रत्येक आईला तेच सांगितलं: उद्या पोरांना घरून पोटभर जेवू घालून पाठवा, अंगावर धुतलेले कपडे घाला, आणि उद्याच्या दिवस घरी काही आणायचं नाही. साहेबासमोर आपल्या पोरांनी हावरटासारखं वागता कामा नये. मी तिच्याबरोबर होतो. मला ही युक्ती फार आवडली, हे इथेच कबूल करतो. पाहुणा आला की पोरांना आधी आत जेवू घालून मग ओटीवर पाठवतात, त्यातलंच हे. सुंदराने विचारलं की सकाळी एवढ्या भाकऱ्या थापायला पीठ कुठून आणू. धुरपदाबाईने तिच्याकडे नुसतं पाहिलं. सुंदरा म्हणाली, बरं, एक दिवस मी नाही खाल्लं तर काय मरत नाही. जवळजवळ सगळ्याच आयांनी तसंच केलं असणार.

गुरुवारी साडेअकराला जीप आली. साहेबाबरोबर एक गुजराती अधिकारी होता, पण त्याने पहिल्याच वाक्याला दुभाष्याचं काम माझ्यावर ढकललं आणि तो खुर्चीत बसून राहिला. साहेब पन्नाशीचा, उंच, मानेवर उन्हाने चिरलेली कातडी. साहेबापेक्षा शेतकरीच जास्त वाटायचा, आणि निघालाही शेतकरीच. कॅन्सस म्हणून प्रांत आहे तिथला, गहूच पिकवणारा. तिकडच्या लोकसभेतल्या एका सभासदाने त्याला पाठवलं होतं. आपल्या लोकांनी भरलेला कर परदेशात कुठे आणि कसा खर्च होतो, ते डोळ्यांनी बघून लिहून आण म्हणून.

सोनवणे गुरुजींनी हार घातला, चहा पुढे केला. साहेबाने चहा बाजूला सारला आणि मला विचारलं, तू काय वाचतोस? मी वर्तमानपत्राचं नाव सांगितलं. मग तो बोलायलाच लागला, बहुधा पंधरा दिवसांत त्याला ऐकून घेणारा कोणी भेटला नसावा. त्याचं म्हणणं असं की त्याच्या देशात डाव्या विचारांच्या पुढाऱ्यांनी गेली काही वर्षं सरकारी तिजोरीचं तोंड सताड उघडं ठेवलंय. दुखलं की पैसा, खुपलं की पैसा. शहरांतून पिढ्यानपिढ्या माणसं सरकारी मदतीवर जगताहेत आणि स्वतःच्या पायावर उभं राहायची सवय विसरताहेत. तो लहान असताना सलग काही वर्षं धुळीच्या वादळांनी त्यांची शेती बुडाली होती. सरकारी मदतीची गाडी दाराशी आली तेव्हा त्याच्या बापाने ती परत पाठवली. "ज्याला तुम्ही रोज देता," तो म्हणाला, "त्याच्याकडून तुम्ही काहीतरी घेतही असता. ते त्या पुढाऱ्यांना दिसत नाही."

मला हा माणूस पटला. आजही तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. माझे वडील असते तर त्यांनी त्याला उठून नमस्कार केला असता. दुष्काळात सावकाराच्या दारची ज्वारी नाकारून ते चालत सुरतेला आले होते, आणि ती गोष्ट आम्हाला जेवताना दर आठवड्याला ऐकवायचे. मला वाटलं, याला काय हवंय ते आपल्याला कळलं. ताठ कण्याची माणसं दिसली की हा खूश होणार, आणि खूश झाला की पोती येत राहणार.

मुलांना रांगेत बसवतो म्हणून मी उठलो आणि धावत छपरीत गेलो. धुरपदाबाई चुलीपाशी उभी होती. मी तिला घाईघाईने सांगितलं की साहेबाला लाचारी आवडत नाही, रडगाणं आवडत नाही, काही विचारलंच तर मान वर करून उत्तर द्या. तिने दोनदा मान हलवली.

मुलं रांगेत बसली. एकशे चाळीस मुलं, पण इतकी शांतता मी त्या शाळेत कधी ऐकली नव्हती. धुरपदाबाईने वाढलं. मुलांनी चिमूट चिमूट खाल्लं आणि हात मांडीवर ठेवले. कुणी पुन्हा मागितलं नाही, कुणी शेजाऱ्याच्या ताटलीकडे बघितलं नाही. सोनवणे गुरुजींची छाती फुगली होती. माझीही फुगली होती.

साहेब रांगेतून सावकाश चालत आला आणि अंजनाजवळ उकिडवा बसला. तू का खात नाहीस, असं त्याने तिला विचारलं. अंजनाने आधी धुरपदाबाईकडे पाहिलं, मग म्हणाली, "मी घरून जेवीसन उनू."

मी भाषांतर केलं. त्याने आणखी चार मुलांना विचारलं. चौघांनी तेच सांगितलं. तो उठला, गुडघे झटकले आणि धुरपदाबाईसमोर जाऊन उभा राहिला. टोपी काढून त्याने हातात धरली होती.

"इथलं जेवण नसतं," त्याने मला विचारायला सांगितलं, "तर ही मुलं आज उपाशी राहिली असती का?"

मी मराठीत विचारलं. धुरपदाबाईने पदर मुठीत धरला. तिला बोलायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल ते मी पुढे पुष्कळदा स्वतःशी मांडून पाहिलं आहे. खरं काय ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मागे गुजराती अधिकारी येऊन उभा होता, पुढे एकशे चाळीस पोरं ऐकत होती, आणि मी तिला मान वर करायला सांगितलं होतं.

"कसाले उपाशी ऱ्हातीन?" ती म्हणाली. "मायबाप शेतस त्यास्ले."

हे वाक्य मी माझ्या सगळ्यात चांगल्या इंग्रजीत साहेबाला सांगितलं. सर, या मुलांना आईबाप आहेत. इंग्रजी शिकल्याचं सार्थक झालं असं मला वाटलं, ते आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं. साहेबाने मान झुकवली. मग वहीत काहीतरी लिहिलं. जाताना त्याने माझा हात दाबला आणि म्हणाला, मी या दौऱ्यात पाहिलेली ही सगळ्यात चांगली माणसं.

मी ते तिला सांगितलं तेव्हा ती हसली, पण लगेच तिने विचारलं, "म्हनजे चालू ऱ्हाई ना?"

पुढचे दोन महिने ती रोज हेच विचारायची. पोस्टमन शाळेकडे वळताना दिसला की ती चुलीपासून उठायची. मी चेष्टा करायचो, की आता अमेरिकेतून तुम्हाला शालजोडी येणार बघा. चेष्टेने तिचा जीव भांड्यात पडायचा नाही. मुलं पुन्हा पहिल्यासारखी खायला लागली होती, ओच्यात बांधायला लागली होती, आणि आता तर ती त्यांना स्वतःच सांगायची, आत्ताच खाऊन घ्या रे, नीट खाऊन घ्या.

होळीनंतर कागद आला. सोनवणे गुरुजींनी तो एकदा वाचला आणि माझ्यापुढे सरकवला. या महिन्याच्या शेवटी केंद्र बंद करावं, शिल्लक पोती परत पाठवावीत. सोबत साहेबाच्या अहवालातल्या काही ओळी होत्या. मुलं स्वच्छ, शिस्तीची आणि घरून जेवून येणारी आहेत. बरंचसं अन्न ताटल्यांत उरतं. इथल्या स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी स्वतः सांगितलं की आईबाप मुलांना पोसायला समर्थ आहेत. अशा स्वाभिमानी लोकांवर मदत लादणं हा करदात्यांच्या पैशाचा अपव्यय आहे आणि त्या लोकांचा अपमानही. हा खर्च जिथे खरी भूक आहे तिथे व्हावा, किंवा होऊच नये.

त्यात एकही खोटं वाक्य नव्हतं. मी ते तीनदा वाचलं.

धुरपदाबाईला सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. तिकडचं सरकार बदललं, धोरण बदललं, असं काहीतरी सांगून मोकळं व्हायचं मी ठरवलं होतं. ती कढई घासत होती. माझ्या हातात कागद बघून तिने हात थांबवले.

"काय चुकनं आपलं?" तिने विचारलं. "कोनी घरी नेताना देखं का?"

तिच्या आवाजात इतकी भीती होती की माझ्याने खोटं बोलवेना. मी ओळीन् ओळ तिला मराठीत सांगितली. ती शेवटपर्यंत ऐकत होती. राखेने भरलेले हात तिने गुडघ्यांवर ठेवले होते.

"म्हनजे पोरेस्नी दंगा करा असता," ती म्हणाली, "ते बरं व्हतं ना, गुरुजी?"

साहेबाला मी पत्र लिहीन, खरं काय ते कळवीन, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तसं लिहायचं तर आम्ही त्याला फसवलं असं लिहावं लागणार होतं, आणि तेही धुरपदाबाईचं नाव घालून. ते तिलाही कळलं असावं. तिने पुन्हा कढई घासायला घेतली.

पोती गेली, चूल विझली. पहिल्या तारखेपासून तिला शाळेत काही काम नव्हतं. तरी जेवणाच्या सुट्टीला ती आली. मुलं सवयीने छपरीपाशी जमली होती आणि बंद दाराकडे बघत होती. व्हरांड्यातला माठ ओढून तिने पायरीवर घेतला, पेला बुडवला आणि एकेका मुलाला पाणी द्यायला लागली. एक पेला झाला की म्हणायची, अजून एक पी. अंजना तीन पेले प्याली. एरवी तो माठ दिवसभर पुरायचा. त्या दिवशी तिने तो एका सुट्टीत दोनदा भरला.