पाचर

मोहियोद्दीन मास्तरांनी जोडे काढून हातात घेतले आणि ते बांधावरून काळ्या रानात उतरले. मागोमाग नववीची पोरं उतरली. शाळेच्या पिछाडीला सोनाजीचं शेत होतं आणि आज तिथं रब्बीची ज्वारी पेरणं चाललं होतं. सोनाजी बैल हाकत होता, त्याची बायको सखुबाई तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून चालत होती. तिच्या मुठीतून दाणे तीन नळ्यांत उतरत आणि मागे मातीत तीन ओळी सरळ उमटत जात.

"फीच्या बदल्यात पोरं राबवायला आनली का काय, मास्तर?" सोनाजीनं बैल न थांबवता विचारलं.

"राबवायला न्हाई, दाखवायला आणली. चालू द्या तुमचं."

मास्तर आज खुशीत होते. शेरवानीच्या आतल्या खिशात कागदांची जाड घडी होती. एका रेषेला बाहेरच्या बिंदूतून एकच समांतर रेषा निघते, हे भूमितीचा ग्रीक आद्यपंडित उक्लैदस यानं सिद्ध न करता मानून घेतलं होतं. मास्तरांनी लग्नाआधीपासून त्याचा पाठपुरावा केला होता आणि गेल्या उन्हाळ्यात ते सिद्ध करून दाखवलं होतं. हेडमास्तर उत्तमरावांचा मेहुणा आज संध्याकाळच्या गाडीनं हैदराबादला निघायचा होता. कागद तो कॉलेजातल्या प्रोफेसरांच्या हाती देणार होता. त्यांना पटलं, तर मास्तरांना तिकडं जागा मिळण्यासारखी होती. मास्तरांच्या बायकोचं, हलीमाचं, माहेर हैदराबादचं. तिची आई अंथरुणाला खिळलेली. वाळवी लागू नये म्हणून हलीमा त्या कागदांत कडुलिंबाचा पाला घालून ठेवी.

"बघा," मास्तर हातातल्या जोड्यानं ओळी दाखवत म्हणाले, "ह्या तिन्ही मुतवाजी. समांतर. पार औंढ्यापर्यंत नेल्या तरी भेटणार न्हाईत. काहून?"

"सरळ हायेत म्हनून," लखमा म्हणाला.

"सरळ तर हे दोन बांधपण आहेत. ते कोपऱ्यात भेटलेच ना? अजून सांगा."

पोरं ओळींवर वाकली. तेवढ्यात पुढं गेलेला खेमा फसकन हसला.

"मास्तरसाब, तुमच्या ओळी तर भेटून राहिल्या!"

खरंच, कडेची ओळ हळूहळू मधल्या ओळीकडं सरकत गेली होती आणि पुढं तिच्यातच मिसळली होती. सोनाजीनं बैल थांबवले.

"मी सकाळीच म्हनलं व्हतं, फण हालून राहिला," सखुबाई म्हणाली. "पन ह्या घरात माझं कोन ऐकतं?"

"ऐकलं, बाई, आता ऐकलं." सोनाजीनं वाकून फण चाचपला. लाकडात तो घट्ट बसावा म्हणून ठोकलेली पाचर निसटली होती. त्यानं ती मातीतून शोधून काढली, जागच्या जागी बसवली, वरून दगडानं ठोकली. "झालं. फण जागचा हालला न्हाई, की वळी कशाला भेटत्यात?"

पोरं हसली. मास्तरही हसले. मग त्यांचं हसू थांबलं.

त्यांनी खिशातून कागद काढले आणि वाऱ्यात सावरत उलटले. मधल्या एका पानावर त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं की, दोन समांतर रेषांमधलं अंतर सगळीकडं सारखंच राहतं. पुढं दोनच शब्द होते, 'जाहिर है'. उघडच आहे. ही ओळ त्यांनी इतक्यांदा वाचली होती की नजर तिच्यावर थांबायचीच विसरली होती. तिफणीत अंतर पाचर धरून ठेवते; इथं अंतर सारखं का राहतं? त्यांनी मनाशी एक कारण धरलं, सोडलं, दुसरं धरलं. प्रत्येक कारण फिरून तिथंच येत होतं, जे सिद्ध करायला ते निघाले होते.

हातातला जोडा खाली पडला.

"इच्चू चावला का काय, मास्तर?" सखुबाईनं विचारलं.

"न्हाई, बाई. चला रे पोरांनो."

संध्याकाळी स्टेशनावर मेहुण्याला पोचवायला आलेल्या उत्तमरावांनी हात पुढं केला.

"आणा कागद. गाडी सुटायला आली."

"देत नाही. चूक आहे त्यात."

"काहून घोळ घालता? साऱ्या गावाला सांगून बसलोय मी! आणि तिथं कोणाला कळणार आहे?"

"कदाचित नाहीच कळणार," मास्तर म्हणाले. "त्या ओळीवरून तेही माझ्यासारखेच पुढं निघून जातील."

गाडी गेली. घरी हलीमा दारातच उभी होती.

"दे दिए?"

"नईं दिया. गलत निकला."

 "मैं तो अम्मी को कहला भेजी थी," एवढंच हलीमा म्हणाली आणि आत गेली. जेवणं झाल्यावर तिनं मास्तरांनी परत कोनाड्यात ठेवलेले कागद उचलले, सुकलेला पाला झटकला आणि ताजा घातला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्गात घडी उलगडली, तेव्हा दोन हिरवी पानं टेबलावर पडली. त्यांनी सगळी सिद्धता फळ्यावर उतरवली, अगदी 'जाहिर है'सकट. मग खडू ठेवून ते पोरांच्या बाकावर कडेला येऊन बसले.

"ह्यात एक पाचर ठोकलेली आहे. शोधा."

पोरं फळ्यावरच्या ओळी वरून खाली वाचू लागली. मग खेमा उठला, फळ्यापाशी गेला आणि त्या दोन शब्दांवर बोट ठेवून मागं पाहू लागला. मास्तरांनी मान हलवली.

"पूस."

खेमानं तळहातानं ते शब्द पुसले. खालच्या ओळी तशाच राहिल्या.

"पन मास्तरसाब, पाचर काढली तर ओळी कशा जातील?"

मास्तर त्या पुसलेल्या जागेकडं पाहत होते. अंतर सारखं राहतं हे मानलंच नाही तर काय होईल, असं त्यांनी कधी करून पाहिलं नव्हतं. ते बाकावरच पुढं सरकून बसले.

"तेच," ते म्हणाले. "बघू या."