शेडूखालचं पाणी

माझा चुलत दीर महिपत ब्रह्मदेशातल्या तेलाच्या विहिरींवर काही वर्षं काढून वेळणेश्वराला परतला. तिथे तो विहिरी तपासत होता की तपासणाऱ्याचे बूट पुसत होता, देव जाणे. गावात मात्र तो जमिनीच्या पोटातलं सांगू लागला आणि आमची माणसं तोंडं उघडी टाकून ऐकू लागली.

माझी धाकटी जाऊ काशी. नवऱ्यामागे तिला पोफळीचं आगर उरलं होतं आणि त्याला पाणी देणारी एक विहीर. वैशाखातही तिच्यात कमरेएवढं पाणी असे. पण काशीने नवी रोपं लावली होती, त्यांना आणखी थोडं पाणी हवं होतं. झालं, महिपतला गिऱ्हाईक मिळालं.

त्याने रहाट चालवून विहीर उपसली, गाठी मारलेला काथ्या खाली सोडला आणि पाणी कसं चढतं ते बघत काठावर बसला. पाणी आधी झपाझप चढलं, मग हळूहळू. उपसलेली कुठलीही विहीर अशीच भरते. ह्या शहाण्याने मात्र त्यातून दोन थर काढले. झपाझप आलं ते वरच्या जांभ्यातलं, हळूहळू आलं ते शेडूखालच्या मोठ्या साठ्यातलं. शेडू म्हणजे जांभ्याखालची चिकट माती. तिच्यावरच तर आमच्या विहिरींचं पाणी साठून राहतं.

"शेडू फोडायचा," महिपत म्हणाला.

"आनि वरचाच पानी खाली गेला तर, भावजी?" काशीने विचारलं.

तो हसला. "वहिनी, जमिनीतला माल दाबानं वरच येतो. तिकडं तेल कसा उडायचा, बघायला हवा व्हता!"

तेलाचा न्याय पाण्याला! वर कुणी आडवं येऊ नये म्हणून त्याने वाडीतली माणसं जमवली, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि त्यातच घुसडलं, "बा देवा म्हाराजा, शेडू फोडून काशीच्या आगराला पानी दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात ओरडले. गाऱ्हाण्याला नाही कोण म्हणतो? काशीही सवयीने 'व्हय' म्हणून गेली, आणि देवासमोर दिलेला शब्द तिला मागे घेता येईना.

शेडू फुटला. खाली निघाला भेगाळलेला, कोरडा कातळ. संध्याकाळपर्यंत सगळं पाणी त्या भेगांत गुडगुडत गेलं. पुन्हा माती ठेचून भरली, पण काही उपयोग झाला नाही.

"बघा, खाली थर हाय ह्या शिद्ध झाला ना?" महिपत म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नवी रोपं वाळली. जुन्या पोफळी तरी जगाव्यात म्हणून काशी माझ्या विहिरीवरून हंड्यांनी पाणी वाहू लागली. एकदा आम्ही दोघी येताना महिपत वाटेत उभा राहिला. "वहिनी, अजून थोडा खाली खणला ना, तर..."

काशीने हंडा उतरवला. आता ओतते त्याच्या टाळक्यावर, असं मला वाटलं. ओतावा, असंच वाटलं.

तिने हिंदकळणाऱ्या पाण्यावर हात ठेवला. "बाजूला व्हा, भावजी. तुमच्यावर फुकट घालवण्याइतका पानी नाय आता माझ्याकडं."