फुली नसलेली कासवं

व्यासराज वीस वर्षं एका सरकारी कार्यालयात समुद्रकिनाऱ्याच्या पाहणीचं काम करत होता. १९६४ साली पुण्याहून नव्यानं आलेल्या अधिकारी अलकनंदाबाईंनी त्याला अड्यार नदीच्या मुखापासून नीलांकरै गावापर्यंतचा किनारा नेमून दिला. जानेवारी ते मार्च, रोज उजाडताच चालायचं. अंडी घालून परत गेलेल्या कासवांचा वाळूतला माग बघून घरटी मोजायची, आणि जाळ्यात गुदमरून किनाऱ्याला लागलेली मेलेली कासवंही. मोजलेल्या मेल्या कासवाच्या पाठीवर चुन्याची फुली मारायची, म्हणजे ते दुसऱ्यांदा मोजलं जात नाही.

जानेवारीभर त्यानं मनापासून पायपीट केली. मग बायको सीतालक्ष्मी तापानं फणफणली. दोन दिवस तो वाटेतल्या तिरुवान्मियूरहूनच परतला आणि पुढच्या टप्प्याचे आकडे अंदाजानं लिहिले. सीतालक्ष्मी चार दिवसांत उठून कामाला लागली. अंदाज मात्र सुटला नाही. बहुतेक दिवशी तिरुवान्मियूरच्या हॉटेलात कॉफी पिता पिता तो लिहून टाकी: घरटी सहा, मृत एक. एवढ्या लांब कोण बघायला येतंय?

"व्यासराज, इतकी नीटनेटकी वही मी पाहिली नाही," बाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या. त्यानं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मार्चमध्ये एके सकाळी बाई म्हणाल्या, "आज मीही येते." नाही कसं म्हणणार?

तिरुवान्मियूर मागे पडलं आणि वास यायला लागला. पहिल्या कासवाचे डोळे कावळ्यांनी टोचले होते. पाठ कोरी. पुढे दुसरं, तिसरं. एकाचं कवच उन्हानं तडकलेलं, चांगलं महिन्याभराचं. घरट्यांच्या जागी उकरलेले खड्डे आणि कुत्र्यांनी विस्कटलेली टरफलं. बाई मोजत चालल्या होत्या. एकतीस झाल्यावर त्या थांबल्या.

"इकडे शेवटचे कधी आला होतात?"

"अय्यो, बाई... महिना झाला असेल."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी त्याच्या हातातला चुन्याचा डबा घेतला, माघारी वळल्या आणि एकेका कासवापाशी गुडघे टेकून स्वतः फुल्या मारू लागल्या. डबा परत मागावा असं त्याला वाटत होतं, पण हात पुढे होईना. तो नुसता मागून चालत राहिला.

कार्यालयात त्यांनी वही त्याच्यासमोर ठेवली. "खरे दिवस तेवढे सांगा. बाकीचे खोडू."

तो पानं उलटू लागला. जानेवारीची खात्री होती. पुढे तीच शाई, तेच वळणदार अक्षर. मधले काही दिवस तो खरोखर गेला होता, पण कोणते?

"मला ओळखता येत नाही, बाई."

बाईंनी फेब्रुवारीपासून पुढच्या सगळ्या पानांवर रेघ मारली. या किनाऱ्यावरून लोकांनी खायला अंडी नेण्यावर बंदी घाला, असं त्या सरकारला लिहिणार होत्या. त्या वर्षी ते लिहायला त्यांच्याकडे आकडेच उरले नाहीत.

पुढच्या हंगामात त्याला तोच किनारा मिळाला. पण त्याच्या मागून वेगळं मोजत यायला पद्मनाभ नावाचा कारकून नेमला गेला. नीलांकरैला पोचल्यावर दोघं वह्या ताडून बघत. आकडे रोज जुळत. तरीही व्यासराजला पद्मनाभच्या नजरेला नजर देता येत नसे.